मीटिंग किती वाजता, आणि कुठल्या दाराने?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दारूच्या व्यसनावर आपल्या पत्रात अधूनमधून लेख येतात. लेख संपता संपता एक वाक्य हमखास येते, ‘अशा व्यक्तीने मदतगटात जावे.’ वाक्य खरे आहे, पण वाचणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. कुठला गट, कोणत्या वारी भरतो, नाव सांगावे लागते का, पैसे पडतात का, घरचे माणूस बरोबर आले तर चालते का? दारू सोडायची इच्छा दिवसभर सारखी टिकत नाही. सकाळी उठल्यावर ती असते, एखाद्या भांडणानंतर असते, आणि संध्याकाळ झाली की विरते. त्या दोन-चार तासांत नेमकी माहिती हाताशी नसली, तर तो दिवस हातचा गेला. म्हणून हे पत्र. लांबले आहे, पण यातला तपशील कापू नये अशी विनंती आहे.

सर्वांत जास्त देशांत पसरलेला मदतगट म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, बोलण्यातले ए.ए. त्याची सुरुवातच मुळी अशा शोधातून झाली. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस कामानिमित्त ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी गेला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते. काम फसले, आणि हॉटेलच्या दर्शनी दालनात तो एकटा उभा होता. एका बाजूला बारमधला गजबजाट, दुसऱ्या बाजूला भिंतीवर गावातल्या चर्चची यादी आणि शेजारी टेलिफोन. आपल्याला आत्ता दुसऱ्या दारुड्याशीच बोलायला हवे, हे त्याला उमगले. यादी बघून त्याने एकामागून एक फोन लावले, आणि अखेर डॉ. बॉब स्मिथ या पिणाऱ्या सर्जनशी त्याची गाठ पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते, बोलणे कित्येक तास चालले. १० जून १९३५ हा डॉक्टरांचा पिण्याचा शेवटचा दिवस मानतात, आणि तीच ए.ए.ची स्थापनेची तारीख. तो फोन आणि ती यादी दाराशी नसती तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक समूहाने आपली माहिती छापताना करावा असे आम्हाला मनापासून वाटते.

आता शोधायचे कसे. आधी आपल्या देशाच्या ए.ए. सेवा कार्यालयाचे अधिकृत संकेतस्थळ उघडावे. तिथून विभागाच्या किंवा शहराच्या ‘इंटरग्रुप’कडे, म्हणजे तिथल्या समूहांच्या सामाईक कार्यालयाकडे, जाता येते. स्थानिक समूहांची सर्वांत ताजी यादी बहुधा त्यांच्याकडेच असते. ‘मीटिंग गाइड’ नावाचे ए.ए.चे मोफत अ‍ॅप आहे. आपण जिथे उभे आहोत तिथून जवळची सभा, वार आणि वेळ त्यात दिसते. मात्र ज्या विभागांनी आपली यादी त्याला जोडली आहे त्यांचेच समूह त्यात सापडतात. तेव्हा अ‍ॅपमध्ये काही दिसले नाही म्हणजे आसपास समूह नाहीच, असे धरून चालू नये. शोधताना पूर्ण नाव, ‘ए.ए.’ हे लघुरूप आणि स्थानिक भाषेतले नाव, तिन्ही घालून बघावीत.

इथे एक ठेच हटकून लागते. शोधयंत्रात ‘दारू सोडण्यासाठी मदत’ असे टाकले की वरच्या ओळी बहुतेक वेळा जाहिरातींच्या असतात. काही संकेतस्थळांवर सभांची यादी असते, पण खाली दिलेला फोन लागतो तो पैसे घेऊन भरती करणाऱ्या केंद्राला. ओळखायची खूण सोपी आहे. फोन उचलणारा विमा आहे का विचारतो, आगाऊ रक्कम सांगतो, घरचा पत्ता मागतो, ‘गाडी पाठवून घेऊन जातो’ म्हणतो. मदतगटाचा स्वयंसेवक यातले काहीच विचारत नाही. पहिले नाव आणि तुम्ही कोणत्या भागात राहता, एवढ्यावर त्याचे काम भागते. निवासी उपचारांची गरज काहींना असतेच, त्यात गैर काही नाही. पण ती निवड डॉक्टरशी बोलून करायची असते, चुकून लागलेल्या फोनवर नव्हे.

यादी सापडली तरी त्याच दिवशी फोन करून खात्री करून घ्यावी, कारण याद्या जुन्या होतात. समूहांना स्वतःच्या इमारती नसतात. शाळेचा वर्ग, प्रार्थनास्थळाची मागची खोली, दवाखान्याचा हॉल, समाजमंदिर अशी जागा ते भाड्याने घेतात. शाळेला सुट्टी लागली की खोली बंद, सणाला हॉल दुसऱ्याला दिलेला, कुठे दुरुस्ती निघालेली. अशा वेळी सभा एक आठवडाभर दुसरीकडे भरते आणि यादीत जुनीच जागा राहते. नवखा माणूस कुलूप बघतो आणि ‘बरे झाले’ म्हणून परततो. पुन्हा त्या वाटेला यायला त्याला महिने लागतात.

फोनवर काय विचारायचे ते कागदावर लिहून ठेवावे, कारण त्या वेळी जीभ जड होते. सभा आज नक्की आहे का आणि किती वाजता सुरू होते? कोणत्या फाटकाने आत यायचे, कितवा मजला, कोणती खोली? बाहेर पाटी असते का आणि तिच्यावर काय लिहिलेले असते? कित्येक ठिकाणी पाटीवर पूर्ण नाव नसते, नुसते निळे वर्तुळ-त्रिकोणाचे चिन्ह किंवा दोन अक्षरे असतात. बोलण्याची भाषा कोणती? सभा खुली की बंद? जिने चढावे लागतात का? स्त्री असेल तर, सभेला आणखी बायका असतात का, निव्वळ स्त्रियांची सभा कुठे भरते का? आणि सर्वांत कामाचा प्रश्न, ‘दाराशी मला कोणी भेटेल का?’ हा विचारायला लाजू नये. समूहात बहुतेक वेळा कोणीतरी हौसेने तयार असते. आपण कसला शर्ट घातला आहे एवढे सांगितले तरी पुरते.

‘खुली’ आणि ‘बंद’ या शब्दांनी फार घोळ होतो. ‘बंद सभा’ वाचून नवा माणूस समजतो की आपल्याला प्रवेश नाही. उलट, बंद सभा असते ती ज्याला स्वतःची दारू सोडायची इच्छा आहे त्याच्याचसाठी. ‘मला प्रश्न आहे की नाही ते ठाऊक नाही, पण बहुधा असावा’ एवढी शंकासुद्धा चालते. खुल्या सभेला नातेवाईक, विद्यार्थी, डॉक्टर, पत्रकार, कोणीही येऊन बसू शकते. बायकोला किंवा भावाला सोबत न्यायचे असेल तर खुली सभा निवडावी. यादीत आणखीही खुणा असतात. कुठे नवख्यांची सभा, कुठे एकच वक्ता पूर्ण वेळ स्वतःचा अनुभव सांगतो, कुठे बारा पायऱ्यांपैकी, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी सदस्य टप्प्याटप्प्याने आचरतात त्या बारा सूत्रांपैकी, एकीवर चर्चा होते. पहिल्यांदा जाणाऱ्याने नवख्यांची किंवा अनुभवकथनाची सभा धरावी. पायऱ्यांच्या अभ्यासाला पहिल्याच दिवशी बसले तर निम्मे शब्द डोक्यावरून जातात.

सदस्यत्वाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. १९५० साली समूहांनी स्वीकारलेल्या बारा परंपरांपैकी, म्हणजे समूह कसे चालवावेत याच्या तत्त्वांपैकी, तिसरी हीच आहे. अर्ज नाही, नोंदणी नाही, ओळखपत्र नाही, फी नाही. सातव्या परंपरेनुसार समूह बाहेरून देणगी घेत नाहीत. सभेत एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात सदस्य स्वखुशीने टाकतात ते खोलीचे भाडे. नवख्याने काही टाकू नये, असे बरेच समूह स्वतःच सांगतात. डबा समोर आला की पुढे सरकवावा, कोणी बघत नाही.

शेवटच्या पन्नास पावलांवर लोक सर्वांत जास्त गळतात. घरातून निघतो, ठिकाणापर्यंत पोहोचतो, फाटकासमोरून दोनदा जातो, मोबाइल कानाला लावून कोणाशी तरी बोलतोय असे दाखवतो, आणि सभा सुरू झालेली पाहून निघून जातो. उशीर झाला की आत शिरताना पंधरा माना वळतील, ही भीती त्या क्षणी खरोखर भिंतीएवढी होते. म्हणून दहा-पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. त्या वेळी खोलीत एखाद-दुसरा माणूस खुर्च्या मांडत असतो. त्याच्याशी ‘मी पहिल्यांदाच आलोय’ एवढे बोलणे सगळ्या खोलीसमोर बोलण्यापेक्षा कितीतरी सोपे जाते. तोही बहुधा असाच कधीतरी आलेला असतो. खुर्ची दाराजवळची घ्यावी. हवे तेव्हा उठून जाता येईल एवढ्या खात्रीनेच कित्येक जण शेवटपर्यंत बसतात. आणि उशीर झालाच असेल तरी आत जावे. उशिरा आलेल्याला कोणी बोलत नाही.

आत काय होते? सभा साधारण तासाची ते दीड तासाची. सूत्रसंचालक स्वतःचे पहिले नाव सांगतो आणि प्रास्ताविक वाचतो. बहुतेक ठिकाणी बारा पायऱ्यांचे वाचन होते. मग एकेक जण तीन ते पाच मिनिटे बोलतो, याला सगळे ‘शेअरिंग’च म्हणतात. एकाचे बोलणे चालू असताना दुसरा मध्ये प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही, चूक दाखवत नाही. बाहेरच्या जगात पिणाऱ्याच्या वाट्याला उपदेशच येतो, त्यामुळे या शांततेने नवखा आधी गोंधळतो. ती मुद्दाम पाळलेली असते. टोकण्याची भीती असली की माणूस बचावाचे बोलतो, आणि बचाव करण्यात तो आधीच तरबेज झालेला असतो. ‘आज कोणी पहिल्यांदा आले आहे का?’ असे विचारतात तेव्हा हात वर करणे ऐच्छिक असते. पाळी आली तर नाव सांगून ‘आज ऐकायला आलोय’ म्हटले की झाले. नावही खरेच पाहिजे असे नाही. शेवटी बहुधा प्रार्थना होते, तीत सामील न होता नुसते उभे राहिले तरी चालते. काही समूहांत २४ तास, ३० दिवस, ९० दिवस, वर्ष अशा टप्प्यांना चिप म्हणजे नाण्यासारखी छोटी चकती किंवा पदक देतात.

सभा संपल्यावरची दहा मिनिटे चुकवू नयेत. फोन नंबर दिले-घेतले जातात ते तेव्हा. रात्री साडेदहाला तलफ आली की पुढच्या आठवड्याची सभा काही कामाची नाही, खिशातला नंबर कामाचा. निदान तीन नंबर घ्यावेत, कारण त्या घटकेला एकाचा फोन बंद असतो आणि दुसरा झोपलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, काही कारण नसताना, त्यातल्या एकाला एक फोन करून बघावा. एकदा सवय झाली की गरजेच्या रात्री बोट अडत नाही.

आता पत्रातला सर्वांत जोखमीचा भाग. ‘सभेला जायचे म्हणून आजपासून बंद’ असे ठरवून रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबणे धोक्याचे असते. दारू मेंदूला गुंगवते, आणि ती रोज येऊ लागली की मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून स्वतःला जागे ठेवायला शिकतो. दारू अचानक काढली की तो जोर मोकाट सुटतो. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, धडधड, झोप उडणे सुरू होते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होतात, वेळकाळाचे भान सुटते, ताप चढतो, नाडी बेफाम होते. याला डॉक्टर ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. ज्याला पूर्वी सोडताना फिट आली आहे किंवा असे भास झाले आहेत, ज्याला सकाळी उठल्या उठल्या हात स्थिर करायला घोट लागतो, त्याने थांबण्याआधी डॉक्टरला दाखवलेच पाहिजे. रुग्णालयात त्याला उतरत्या मात्रेत शामक औषधे आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. हे जीवनसत्त्व शरीरात संपलेले असताना नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून ‘घरीच एक बाटली लावून घेऊ’ हा उपाय करू नये. निर्धार कमी पडला म्हणून कोणाला फिट येत नाही, हे घरच्यांनीही ध्यानात घ्यावे.

मग डॉक्टरकडे जायचे की सभेला? दोन्हीकडे, आणि डॉक्टरसाठी सभा थांबवायची नाही. पिऊन आलेल्या माणसालाही, तो गोंधळ घालत नसेल तर, बहुतेक समूह बसू देतात. त्या दिवशी त्याने बोलू नये, ऐकावे, एवढी अपेक्षा असते. त्याने स्वतः गाडी चालवत येऊ नये, कोणाला तरी घेऊन यावे.

औषधांबद्दलही एक स्पष्ट सांगायला हवे. नाल्ट्रेक्झोन, अकँप्रोसेट, डायसल्फिराम ही दारू सोडण्यासाठी डॉक्टर देतात ती औषधे. उदासीनतेवरच्या किंवा मानसिक आजारांवरच्या गोळ्या वेगळ्या. सभेत एखादा जुना सदस्य ‘गोळ्या घेतोस म्हणजे तू खरा सोबर (दारूमुक्त) नाहीस’ असे म्हणाला, तर ते त्याचे खासगी मत समजावे. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये, अशीच ए.ए.ची स्वतःची भूमिका आहे. अशा शेऱ्यावरून गोळ्या एकदम बंद करून माणसे अडचणीत येतात.

आणि डायसल्फिरामबद्दल, संपादक महोदय, आपल्यालाच एक विनंती आहे. वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ असा मजकूर छापून येतो. अशा पुड्यांत काय आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. डायसल्फिराम पोटात असताना माणूस प्यायला तर दारूचे विघटन अर्ध्यावर अडते आणि शरीरात विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड साठते. चेहरा लालबुंद होतो, उलट्या, धाप, रक्तदाब कोसळणे, हृदयाचे ठोके बिघडणे, इथवर मजल जाते. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतसुद्धा हा धोका राहतो. म्हणून हे औषध रुग्णाला सांगून, त्याची संमती घेऊन, तपासण्या करूनच देतात. जेवणात मिसळून दिलेली गोळी विषासारखी ठरू शकते. शिवाय ते उघडकीला आले की घरच्या अन्नावरचा विश्वास जातो तो जातोच. अशी जाहिरात आपल्या पत्रात येऊ नये.

पहिली सभा आवडली नाही, असे बरेच जण म्हणतात. प्रत्येक समूहाची हवा निराळी असते. कुठे वयस्कर मंडळी, कुठे तरुण, कुठे पाच जण, कुठे पन्नास. निदान तीन वेगवेगळ्या समूहांत मिळून सहा सभा बघितल्याशिवाय मत ठरवू नये. ‘९० दिवसांत ९० सभा’ असे जुने सदस्य सांगतात ते नियम म्हणून नव्हे. पहिले तीन महिने तलफ आणि रिकाम्या संध्याकाळी यांची गाठ पडते. त्या संध्याकाळी भरल्या पाहिजेत, एवढाच त्याचा अर्थ. गावात आठवड्याला एकच सभा असेल तर बाकीचे दिवस ऑनलाइन सभांनी भरता येतात.

ईश्वराचा उल्लेख ऐकून काही जण मागे फिरतात. पायऱ्यांमध्ये ‘आपल्याला उमगेल तसा ईश्वर’ असे शब्द आहेत, आणि पूर्ण नास्तिक सदस्यही समूहांत असतात. तरीही ते पटत नसेल तर दुसऱ्या वाटा आहेत. स्मार्ट रिकव्हरी १९९४ पासून चालते. तिच्या सभांत विचार आणि वर्तन बदलण्याची साधने शिकवतात, तिथे अध्यात्म नाही आणि माणसाला कायमचे ‘अल्कोहोलिक’ म्हणवून घ्यावे लागत नाही. लाइफरिंग ही आणखी एक निधर्मी संघटना. स्त्रियांसाठी ‘विमेन फॉर सोब्रायटी’ १९७० च्या दशकात सुरू झाली. या सगळ्यांच्या ऑनलाइन सभा असतात. परिणामांबद्दल विचाराल तर, २०२० मध्ये वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. पूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि त्याकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार हे इतर मान्य उपचारांइतके किंवा त्यांहून सरस दिसले. सगळ्यांनाच ते लागू पडते, असा अर्थ मात्र यातून काढता येत नाही.

ऑनलाइन सभेत शिरण्याआधी पडद्यावर दिसणारे नाव बदलावे. फोनमध्ये पूर्ण नाव, कधी कंपनीचे नावसुद्धा भरलेले असते आणि ते सगळ्यांना दिसते. कॅमेरा बंद ठेवला तरी चालते. दुसऱ्या देशातली सभा असेल तर वेळ कोणत्या घड्याळाने दिली आहे ते बघावे. तासाभराच्या फरकाने रिकाम्या पडद्यासमोर बसलेले लोक कमी नाहीत.

सावधगिरीच्या दोन-तीन गोष्टी, कारण समूहातही माणसेच असतात. ‘स्पॉन्सर’ म्हणजे पायऱ्या चढताना हात धरणारा अनुभवी सदस्य. तो पैसे घेत नाही, नोकरी लावत नाही, तुमच्या संसाराचे निर्णय घेत नाही. पुरुषाने पुरुष आणि स्त्रीने स्त्री स्पॉन्सर घ्यावा, असा प्रघात आहे. नव्या आलेल्या व्यक्तीशी लगट करणारा, उसने मागणारा, धंद्यात ओढणारा कोणी भेटला तर त्याला टाळावे आणि समूहातल्या जबाबदार सदस्याला सांगावे. गुप्तता हा समूहाचा शब्द आहे, तो मनापासून पाळला जातो, पण वकील-अशील नात्यासारखे कायद्याचे संरक्षण त्याला असेलच असे नाही. कोर्टात जाऊ शकेल असा एखादा प्रसंग मनात असेल तर तो भर सभेत न सांगता आधी वकिलाशी बोलावे.

घरच्यांसाठी सभा वेगळी असते. अल-अनॉन १९५१ मध्ये सुरू झाले, आणि पिणाऱ्या आईबापांच्या किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन १९५७ मध्ये. तिथे जायला घरातल्या माणसाने दारू सोडलेली असण्याची गरज नाही. बरेच जण तो अजून पीत असतानाच येतात. तिथे तीन गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकू येतात. हे मी घडवले नाही, हे मी आवरू शकत नाही, हे मी बरे करू शकत नाही. पहिल्यांदा ऐकताना त्या कठोर वाटतात. वर्षानुवर्षे बाटल्या मोजणाऱ्या बाईला मात्र त्यांनी पाठ टेकायला जागा मिळते. घरच्यांनी सभांचे वार आणि वेळ लिहून दिसेल अशा जागी ठेवावे, पोहोचवायची तयारी दाखवावी, आणि परत आल्यावर ‘काय बोललास, कोण कोण होते?’ हे विचारू नये. घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागा आणि पोलिस, सभा नंतर. मारहाण थांबवणे हे मदतगटाचे काम नाही आणि त्याला ते जमणारही नाही.

पुन्हा पिणे झाले, ज्याला समूहात ‘स्लिप’ म्हणतात, तर दिवसांची मोजणी नव्याने सुरू होते, खुर्ची मात्र तीच राहते. लाजेने लोक महिना-महिना येत नाहीत आणि तेवढ्यात पिणे जुन्या जागी पोहोचते. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी यावे. काही काळ सोडल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, तेव्हा पूर्वीचे प्रमाण आता जास्त घातक ठरते, हेही लक्षात असावे.

आसपास एकही समूह नसेल तर दोन माणसांचाही समूह होतो. एक ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि भाड्याची साधी खोली लागते. सेवा कार्यालयाला कळवले की ते यादीत नाव घालतात आणि वाचनाचे साहित्य पाठवतात. नवे समूह मोडतात ते बहुधा एकाच चुकीने. चार आठवडे कोणी आले नाही म्हणून पाचव्या आठवड्याला खोली उघडली जात नाही, आणि नेमका त्याच दिवशी कोणीतरी येऊन परत जातो. कोणी येवो न येवो, ठरल्या वेळी दिवा लागलेला पाहिजे.

आता मूळ मागणी. आपल्या पत्रात रोज ‘आजचे कार्यक्रम’ हे सदर असते. त्यात व्याख्याने, प्रदर्शने, पुस्तक प्रकाशने येतात. त्याच्या तळाशी त्या दिवशीच्या मदतगटांच्या सभांसाठी दोन ओळी राखून ठेवाव्यात. व्यक्तींची नावे आणि छायाचित्रे नकोत. वर्तमानपत्र, रेडिओ आणि चित्रपटांत सदस्यांनी अनाम राहावे ही अकरावी परंपरा आहे, आणि या पत्राखालीही म्हणूनच नाव नाही. समूहांनीही आपल्याकडून दर महिन्याला माहिती तपासून कळवावी, जागा बदलली तर आदल्या दिवशी कळवावी. ओळ छापायची ती साधारण अशी असावी:

‘ए.ए. सभा, खुली. सोमवार, सायं. ७ ते ८.१५. मराठी. शाळेच्या मागच्या फाटकाने आत, तळमजला, डावीकडची दुसरी खोली, दारावर निळे चिन्ह. नवख्यांसाठी ६.४५ पासून एक जण फाटकापाशी उभा असतो. फी नाही.’

आपले,
व्यसनमुक्तीच्या कामातले काही वाचक
(नावे व पत्ते संपादकांकडे दिले आहेत.)